गारव्याच्या खोलीचं मागचं दार

"नीट धर ना ओंजळ. पाणी वाया जाऊन राह्यलं."

हे सुमनकाकूला म्हटलं गेलं. यवतमाळातली मे महिन्याची भर दुपार. आम्ही दोघी कंत्राटावर रस्ते झाडणाऱ्या. काकूचे हात थरथरत होते, जुळतच नव्हते. आणि तो माणूस लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वरून पाणी ओतत होता. सगळं कोपरावरून खाली. तोंडात थेंब नाही.

ऊन वाढत चाललं म्हणून उन्हापासून बचावाचा शहराचा आराखडा झाला होता. त्यातलीच ही गारव्याची खोली, मोठ्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. बाहेर फलक: सर्वांसाठी खुली. फलकाखालचा कचरा आम्हीच झाडायचो. त्या दिवशी झाडता झाडता काकू मटकन खाली बसली. "डोये फिरून राह्यले वं," म्हणाली. मी तिला धरून समोरच्या दाराशी नेलं.

दारात कार्यालयाचा व्यवस्थापक. त्यानं आमची जाकिटं पाहिली, झाडू पाहिले.

"तुमी मांगून या. झाडूवाल्यायची सोय मांगं केली."

मागे टिनाची पडवी. टिन तापलेलं. आत कूलर, खुर्च्या, टेबलावर स्टीलचे गिलास. इकडे एक माठ, आणि पाणी वाढायला हाच व्यवस्थापक ओगराळं घेऊन मागे आला. सोय म्हणे.

आधी मी ओंजळ केली. प्यायले. मला तसंच शिकवलं होतं. माझा बाप दिग्रसला जिनिंगमध्ये हमाल. पाणपोईवर तो वाकायचा, तळवे जोडायचा, वरून धार पडायची. शेजारी व्यापारी गडव्यानं प्यायचे. मी एकदा विचारलं, "बाबा, आपल्याले गडवा काहून नाही देत?" बाप म्हणाला, "पी न माय गुपचूप. तहान मोठी का गडवा मोठा?" त्या वयात मला तहान मोठी वाटली.

काकूच्या कोपरावरून पाणी गळताना पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. समोर भरलेला माठ. आणि बाई तहानेनं जात होती, का तर हात जुळत नाहीत.

मी आत गेले. टेबलावरचा गिलास उचलला, भरला, काकूच्या तोंडाला लावला.

"ते गिलास पाहुण्यायसाठी हायेत," तो म्हणाला.

"मंग आमी कोन हाओ?"

मी काकूला ओढतच आत आणलं, कूलरसमोर जमिनीवर निजवलं. आत बसलेल्यांच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. आमच्या दिशेनं एकही नाही. मग ऑटो केला, दवाखाना गाठला. काकू वाचली. कामावर मात्र परतली नाही. ऊन दिसलं की आता घाबरते.

यंदा नगरपरिषदेत पुढच्या उन्हाळ्याच्या नियोजनाची सभा झाली. मी गेले. पडद्यावर शहराचा नकाशा, जिथे जास्त तापतं तिथे लाल. आमची टिनाची वस्ती लालभडक. साहेब म्हणाले, अशा भागांना उष्णतेची बेटं म्हणतात. आपण बेटावर राहतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग सूचना आली: दुपारी घराबाहेर पडू नका. टिनाखाली भाजून निघायचं की रस्त्यावर, ते सांगितलं नाही. नवी झाडं कुठे लावणार? जिथे आधीच सावली आहे, त्या कॉलनीत. दुसरी गारव्याची खोलीही तिथेच.

मी उठले.

"खोली आमच्या वस्तीत पायजे. आमची दुपारची पाळी बंद करा. अन् पाणी कुठंबी ठेवा, गिलास सगळ्यायले सारखे."

मागे कोणीतरी हसलं. साहेब समजुतीनं म्हणाले, "ताई, हा विषय हवामानाचा आहे. जातीपातीचं इथे आणू नका."

मी कुठे आणलं होतं? ते त्यांच्याच आराखड्याच्या मागच्या दाराशी ओगराळं घेऊन उभं होतं.

ती खोली उन्हाळ्यात पुन्हा त्याच कार्यालयात उघडेल. उघडू दे. आम्ही झाडणाऱ्या सगळ्या बाया समोरच्या दारानं आत जाणार, झाडूसकट. खुर्च्यांवर बसणार. काकूला विचारलं, तर म्हणाली, "मी येतो वं. मले मधात बसवजा."

ज्याला उठून जायचं त्यानं जावं. ज्याला ओगराळं उचलायचं त्यानं उचलावं. काकूचे हात उन्हानं जुळले नव्हते. माझे मी जुळवणार नाही.