मोटार उघडून दाखवा म्हटलं म्हणून

मैत्रिणींनो, आज डोकं तापलंय.

बाबांची मोटार बाजाराच्या दिवशी हिंगोलीहून कळमनुरीला जाते, एवढंच. तरी ज्यांनी ती बाबांना विकली, ते नांदेडचे शेठ आज त्यांच्या दुकानात म्हणाले, "ब्रेक, गिअर सगळं झिजलं. बदलावंच लागंल."

त्यात धाकट्या बहिणीच्या वसतिगृहासाठी ठेवलेले पैसे जाणार होते. मी म्हटलं, "झिजलेलं उघडून दाखवा."

शेठ बाबांकडे बघून हसले. "ताई बी.ए. झाल्या, पण मोटार काय लुगडं हाय, उलगडून दाखवायला?"

"लुगडंसुद्धा आमी बघूनच घेतो."

दुकानातली माणसं हसली. बाबांनी घाईघाईनं होकार देऊन टाकला.

परतताना म्हणाले, "तुझं बराबर होतं, पोरी. पण चार लोकांत काहून बोललीस?"

धाकटी पेटी भरून बसली आहे. तिला काय सांगू?