जत्रांचा पुठ्ठा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुढच्या आठवड्याचं नियोजन करत होते. शिरवळच्या आमच्या शर्टांच्या कारखान्यात कुठल्या लाइनीवर किती बायका बसवायच्या, दिवसाला किती शर्ट काढायचे, हे ठरवणं माझं काम. फोन ठेवला आणि हात आपोआप चालला. तीन नंबरच्या लाइनीपुढं मी 'एक कमी' असं लिहिलं. मग ते वाचलं… आणि पुढचं काही लिहिता आलं नाही. त्यांना गावी नेलं. मी तेव्हाही गेले नाही. टेबल सोडवेना.

शालनआक्का त्या लाइनीच्या सुपरवायझर. मी सांगलीहून शिकून आले तेव्हा कॉलर लावायला किती सेकंद, बाही जोडायला किती, सगळं तोंडपाठ होतं. तरी पौषात माझं पहिलंच नियोजन कोसळलं. निम्मी लाइन रिकामी, माल अडलेला, आणि मी बंद मशिनींकडं बघत उभी. आक्का हसल्या. "आवं मॅडम, कागदावर बायका रोज येत्यात. औंधला यमाईची जत्रा लागल्यावर तुमचा कागद शिवणार हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाच्या घडीत घालतात तसला एक पुठ्ठा घेतला, प्रत्येकीला तिच्या गावची जत्रा विचारली आणि महिन्यांप्रमाणं लिहून काढलं. कोण जाणार, तिच्या जागी कोण बसणार… त्या वाचून दाखवायच्या, मी संगणकात भरायचे. त्यानंतर जत्रेपायी आमचा माल कधी अडला नाही.

त्यांचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. दर चैत्रात म्हणायच्या, "औंदा तरी चला. खोलीवर एकट्या पुस्तकं वाचत काय बसताय? देवाला न्हाई तर जेवायला या." मी म्हणायचे, माझ्या जागी कोण आहे, टेबल सोडून कशी येऊ. त्या आग्रह करायच्या नाहीत. परतताना डब्यातून सांज्याच्या पोळ्या आणायच्या. त्या मी खोलीवर एकटीच खायचे. खोटं कशाला सांगू, जावं लागलं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटायचं.

त्यांचं कपाट रिकामं करताना पुठ्ठा माझ्या हाती आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तो स्वतः वाचला. चैत्राच्या ओळीत त्यांचं गाव, आणि खाली: 'मी – मंगल. मॅडम – सुजाता.' मंगल त्यांच्याच लाइनीवरची, सुजाता आमच्या नोंदी ठेवते. तिला विचारलं.

"व्हय मॅडम. आक्का दरवर्षी माझ्याकडनं तुमच्या टेबलाचं काम घोटून घ्यायच्या. म्हणायच्या, मॅडम जत्रंला येणार हाईत."

"आणि मी गेले नाही की?"

"म्हणायच्या, असू दे गं, पुढच्या साली."

माझ्या जागी माणूस होतं. दरवर्षी.

आता चैत्र आला आहे. सुजाताला टेबल सोपवलं आहे. कवठ्याला उतरून पुढं कुणाच्या दारात उभं राहायचं, मला ठाऊक नाही. त्यांच्या घरचं मला कुणी ओळखत नाही. पुठ्ठा पिशवीत घेतला आहे. या आठवड्याच्या नियोजनात जत्रेसाठी मी दोघी कमी धरल्या आहेत, आक्का आणि मी…