सासूला न कळणाऱ्या दोन भाषा

किस्से हे मांडणीवरच्या भांड्यांसारखे असतात बघा. एक काढायला जावं तर चार खडखडत अंगावर येतात. परवा तसंच झालं.

माझा नातू रशियात राहून डॉक्टरकी शिकून आलाय. नातसून कोरियाच्या मालिका बघून बघून ती भाषा शिकायलीय. दोघांचं जुंपलं, कोणती भाषा अवघड? नातू म्हणला, रशियनमध्ये टेबल बाप्या असतो आन पुस्तक बाई, सगळं ध्यानात ठेवावं लागतं. ती म्हणली, कोरियनमध्ये तसलं काही न्हाई, पण समोरचा थोरला हाय का धाकटा ते बघून बोलण्याचं शेपूट बदलावं लागतं. बाकी घडण मराठीसारखीच, जेवले-गेले वाक्याच्या शेवटी येतं. तो म्हणला, रशियनमध्ये शब्द कुठंबी ठेवा, चालतं. शेवटी निवाडा माझ्याकडं आला.

मी म्हणलं, "जी सासूला कळत न्हाई, ती भाषा चांगली."

दोघं हसले. मी हसले न्हाई. मी ते भोगलंय.

* * *

माझं माहेर ताडकळस, सासर पिंगळीच्या शिवारात. निजामाचं राज्य होतं. एका राज्यात चार भाषा, त्यामुळं आमच्यात सोयरिकीबी लांबलांब व्हायच्या. थोरली जाऊ नागव्वा भालकीकडची, तिची बोली कानडी. धाकटी राजम्मा बोधनची, ती तेलंगी. मधली मी. नुसती मराठी.

दोघींना मोडकंतोडकं मराठी यायचं. पण आपापली भाषा पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखी जपून ठेवलेली. माझ्याकडं पेटीच न्हाई!

सासूबाईला आमी आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई एकदा सकाळी सकाळी तिघींवर घसरल्या. नागव्वा जात्यावर बसलेली. तिनं पीठ ओढता ओढता कानडीत काहीतरी लांबलचक म्हणलं, सुरात. मी चुलीपाशी नुसतं एवढंच पुटपुटले, "ह्या घरात जीव गेला तरी गोड शब्द मिळायचा न्हाई."

आत्याबाईचे कान लय तिखट. त्यांनी माझं पंचमीचं माहेर बंद केलं. वर म्हणल्या, "नागव्वाकडून शीक. बोलून घेऊनबी देवाचं म्हणायलीय."

दुपारी मी नागव्वाला खोदून विचारलं, कोणत्या देवाचं होतं ग ते? तिनं पदर तोंडाला लावला. म्हणली, "म्हातारीला उचलून ने, म्हणून सांगत होते. देवालाच सांगत होते की."

* * *

सगळ्यात जास्त जळायचे मी त्या दोघींच्या खेळावर. निवडण-टिपण करताना दोघी भाषा लावून बघायच्या. नागव्वा म्हणायची, हालु. राजम्मा म्हणायची, आमच्यात पालु. म्हणजे दूध. हिचे दात हल्लु, तिचे पल्लु. हिचं फूल हूवु, तिचं पुव्वु. जुळलं की टाळी द्यायच्या. सख्ख्या बहिणी मेळ्यात सापडल्यावानी चेहरे व्हायचे.

एकदा मलाबी राहवलं न्हाई. मी मधीच म्हणलं, "आमच्यात दूध, दात आन फूल."

राजम्मानं सूप झटकलं आन शांतपणे म्हणली, "असू दे, गोदाक्का."

असू दे! जसं काही माझ्या हातून दूध सांडलं होतं.

* * *

पण त्यांचंबी बिनसायचं. नागव्वा एकदा मोठ्या ऐटीत म्हणली, आमच्या कानडीत बाईला मान हाय. बाई आली तर बंदळु, म्हैस आली तर बंतु. तुझ्या तेलंगीत काय? बाई आली तरी वच्चिंदि, म्हैस आली तरी वच्चिंदि!

राजम्माचं तोंड उतरलं. मला तर उकळ्या फुटायल्या. लय दिवसांनी कुणीतरी तिची जिरवली होती. मी मोठ्यानं हसले.

नागव्वा माझ्याकडं वळली. "तू काय हसायलीस? तुमच्यात तरी काय हाय? म्हैस आली. गोदा आली."

बाजंवर आत्याबाई पडल्या होत्या. तिथूनच म्हणल्या, "म्हशीचं नाव आधी घेतलं, बरं केलं."

* * *

म्हैस राजम्माच्या बापानं आंदण दिलेली. बोधनहून आलेली, म्हणून तेलंगीच कळायची तिला. निदान आत्याबाई तरी तसं म्हणायच्या, आन शेजारणींना कौतुकानं सांगायच्या. राजम्मा कासंला हात घालून काहीबाही गुणगुणायची आन म्हैस पान्हा सोडायची.

एकदा राजम्मा माहेरी गेली. म्हशीनं दूध चोरलं. नागव्वानं कानडीत मनवून पाहिलं, लाथ खाल्ली. मग मी बसले. मराठीत जेवढं गोड बोलता येतं तेवढं बोलले. जन्मात नवऱ्याशी तसं बोलले नव्हते. थेंब न्हाई.

मग मला माझ्या आईची युक्ती आठवली. राजम्माचं दांडीवरचं जुनेर नेसले, पदर तिच्यासारखा घेतला आन तोंड न उघडता कासंला हात घातला. म्हशीनं मान वळवून हुंगलं आन चरवी भरली!

मी उड्या मारतच घरात गेले. म्हणलं, आत्याबाई, भाषेचं काही न्हाई, बघा. न बोलता दूध काढलं मी.

त्यांनी चरवी हातातून घेतली. म्हणल्या, "दूध तिच्या लुगड्याला दिलं. तुझं काय त्यात?"

* * *

माझी कमळ झाली तेव्हा घरात दुसरं लेकरू नव्हतं. ती दोन-तीन महिन्यांची झाली की आत्याबाईनं मला शेतात धाडलं. खुरपायच्या बाया सगळ्या मराठी. त्यांच्यावर नजर ठेवायला मराठीच सून पाहिजे. म्हणजे आयुष्यात एकदा माझी भाषा कामाला आली आन तिनंच माझ्या मांडीवरून लेकरू नेलं.

दिवसभर कमळ जावांकडं. एक कानडीत झोपवायची, एक तेलंगीत उठवायची. मी सांजच्याला घरी यायचे ते पाजण्यापुरती.

लेकरू बोलायला लागलं. नागव्वाला म्हणलं अव्वा. राजम्माला म्हणलं अम्मा. दोन्हीचा अर्थ आईच. दोघींनी गावभर गूळ वाटायचा तेवढा राहिला. मी कमळला पुढं घेतलं, छातीवर हात ठेवला आन विचारलं, मी कोण ग?

आत्याबाई मला जशी हाक मारायच्या, अगदी त्याच ठसक्यात ती म्हणली, "ए गोदे."

नवरा हसून हसून लोळला. एकत्र घरात लेकरं असंच बोलतात, म्हणला, मी तर माझ्या आईला काकी म्हणायचो. पुरुषाला काय जातंय? शेतातून येताना माझे कान फक्त एका शब्दाला टपलेले असायचे. मी रोज शिकवायचे. आई म्हण, आई. ती बघत राहायची आन म्हणायची, "गोदे, भूक."

* * *

मग त्याच वरसाला दोन्ही दीर घर सोडून निघाले. नागव्वाच्या बापाला मुलगा नव्हता, त्यानं थोरल्याला भालकीला जमीन करायला बोलावलं. धाकट्याला बोधनला साखर कारखान्यात काम लागलं. मी वरून डोळे पुसले. आतून म्हणलं, आता लेकरू माझं.

पण जायच्या आधी त्या दोघींचं काहीतरी सुरू झालं. शेतातून येऊन बघते तर दोघी कमळला घेऊन गोठ्यात बसलेल्या, तिच्याकडून काहीतरी घोकून घ्यायल्या. मी दिसले की गप्प. लेकरूबी गप्प. रोज तेच. मी जळून कोळसा झाले. वाटलं, जाता जाता आपापली भाषा ठोकून बसवायल्यात तिच्यात, मी जन्मभर काढू म्हणलं तरी निघू नये अशी.

जायच्या दिवशी पिंगळीच्या ठेसनात दोन्ही गाड्यांचं क्रॉसिंग होतं. नागव्वाची गाडी परभणीकडं, राजम्माची पूर्णेकडं. दोन्ही डब्यांतून दोन हात बाहेर आलेले. कमळ मधी फलाटावर, एकदा इकडं पळायची, एकदा तिकडं. अव्वा म्हणून रडायची, अम्मा म्हणून रडायची. आधी ही गाडी हलली, मग ती. रूळ मोकळे झाले.

मी पाठमोरी होऊन गाठोडं उचलायले. नवरा पुढं बैलगाडी जुंपत होता. फलाटावर बायामाणसांची ही गर्दी. त्यात मागनं कुणाचं तरी लेकरू बोललं,

"आई."

मी चालू लागले. ते परत म्हणलं.

मी मागं वळून बघायले, कुणाची आई ऱ्हायली म्हणून.