मागच्या सीटवरचे नाना

चालत्या गाडीवरून मी एका वळूकडे बघत राहिलो आणि मोटारसायकल रस्त्याकडेच्या चारीत घातली. मागे बसलेल्या नानांचा पाय मोडला. मला खरचटलंसुद्धा नाही.

नाना म्हणजे आमच्या गल्लीतले गुरांचे पारखी. उदगीर-देवणी भागात कुणाला बैल घ्यायचा असला की आधी नानांना दाखवायचा. त्यांना गाडी येत नव्हती. दर बाजाराला ते माझ्या मागे बसून जात. तेवढीच त्यांची चैन. आणि माझी मान? गाडीवर बसलो की टेबल फॅनसारखी फिरायची. कुणाचं सोयाबीन पिवळं पडलंय, कुणाच्या दारात मांडव पडलाय, सगळं मला बघायचं असे.

नानांनी यावर उपाय काढला. "तू रस्ता बघ. बाकीचं मी बघून सांगतो." आणि खरंच सांगत. "डाव्या हाताला तूर लई जोरात आलीय. बघू नको." "पुलावर दोघं भांडायलेत. आरं, बघू नको म्हनलं ना!" फोन वाजला की माझ्या खिशातून काढून स्वतःच बोलत, "त्यो गाडी चालवायलाय. व्हय, जित्ता हाय. मागून कर." एकदा पलीकडे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफसमोर मी जिवंत असल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

त्या दिवशी नाना म्हणाले, "उजव्या हाताला असला वळू उभा हाय, जन्मात बघितला न्हाई. बघू नको."

मी बघितला. अंगावर काळेभोर ठिपके, हे एवढं वशिंड... आणि चारी.

दवाखान्यात भेटायला येईल त्याला नाना सांगत, "चूक माझीच. मीच बडबडलो." ते ऐकलं की मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर सटकायचो.

हाड जुळलं, पण हातात काठी आली. लेकीनं त्यांना नांदेडला नेलं. तिथं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, खालून पळणारे ऑटो बघत बसतात. बाजार सुटला तो सुटलाच.

परवा मुद्दाम गाडीवरच गेलो. जास्तीचं हेल्मेट त्यांच्यापुढं ठेवलं आणि धीर करून विचारलं, "नाना, पुढच्या बाजाराला बसता का माझ्या मागं?"

लेकीचा चहा ओतता हात थांबला. नाना काठी टेकत उठले, कठड्यावरून खाली माझ्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिले.

"बसतो की," ते म्हणाले. "तू गाडी स्टँडवरून काढू नको म्हंजे झालं."