लाल गाडी, काळी गाडी

आमच्याकडे गाडी म्हणजे मोटरसायकल. माझ्या दोन भावांकडे त्या वर्षांत दोन जपानी बनावटीच्या गाड्या आल्या. दोन्ही जुन्या, दोन्ही पळायच्या. थोरल्याची लाल, टू-स्ट्रोक. धूर सोडायची, किंचाळायची आणि सुटताना पुढचं चाक उचलायची. धाकट्याची काळी, फोर-स्ट्रोक. सुरुवातीला मेंगळट, पण एकदा वेग धरला की ऐकायची नाही. थोरला अकोल्याला दालमिलमध्ये होता, धाकटा अमरावतीला एका वर्कशॉपमध्ये. घरी आले की जेवताना एकच विषय. रस्त्याकडेच्या कडुलिंबापर्यंत लाल पुढे असायची, त्यानंतर काळी तिला गाठायला लागायची. म्हणजे भांडण गाड्यांचं कमी आणि अंतराचं जास्त होतं.

ते दिवस वाईट होते. कापसाचा विषय निघाला की माणसं गप्प व्हायची. शेतकरी नवरा नको, असं मुली तोंडावर सांगायला लागल्या होत्या. माझ्या दोघा भावांना पुण्याला जायचं होतं आणि बाबांचे गुडघे गेले होते. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी कुणातरी एकाला शेतीसाठी परतावं लागणार होतं. एका दुपारी गोठ्यामागे दोघांनी ठरवून टाकलं : सरळ रस्त्यावर एकदाच शर्यत लावायची. जो हरेल, त्याने वावर पाहायचं. मी तिथेच शेण काढत होते. मला गळ्याची शपथ घालून दोघं हसत निघून गेले. वावर मला हवं आहे का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझं लग्न व्हायचं होतं ना, मग मी कसली मोजणीत!

पंच म्हणून त्यांना बाबाच हवे होते. बाबांनी तरुणपणी शंकरपट गाजवला होता. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत पुढे त्यांचाच शब्द शेवटचा मानत. ही शर्यत कशासाठी आहे, ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. बाबा खुलले. धुतलेलं धोतर नेसले, डोक्याला पांढरा रुमाल बांधला. दोन्ही गाड्यांचे टायर दाबून पाहिले, पेट्रोल सारखं करायला लावलं. मग भावांकडे पाहून म्हणाले, "हे काई बरोबर नाई. एक पोतं हाये, एक काडी हाये." आणि काडीसारख्या धाकट्याच्या मागे त्यांनी सरकीचं अर्धं पोतं करकचून बांधलं. अंतरही त्यांनीच ठरवलं, कॅनॉलच्या पुलापर्यंत. मला त्यांचं कौतुक वाटत होतं आणि वाईटही.

बाबा आणि मी पुलावर उभे राहिलो. रस्ता शिंप्याच्या फुटपट्टीसारखा सरळ होता. बाबांनी डोक्यावरचा रुमाल सोडून हलवला आणि लाल गाडी धुराचा लोट मागे टाकत सुटली. कडुलिंबाशी ती चांगलीच पुढे होती. त्यानंतर तिचा आवाज फक्त वाढत गेला, वेग वाढेना. काळी मागून मुकाट आली, सरकीचं पोतं हलवत, आणि पुलाच्या अलीकडे पुढे निघाली. धाकट्याने दोन्ही हात सोडून आरोळी ठोकली, "सुटलो!"

त्या आरोळीचा अर्थ बाबांना कळायचं कारण नव्हतं. ते लंगडत त्याच्याकडे गेले. खिशातून पुडी काढून त्याच्या कपाळाला गुलाल लावला, थोडा काळ्या गाडीच्या टाकीलाही फासला. आमच्या घरची रीत होती, पटात पहिली आलेली जोडीच पेरणीचं पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, काढायची. "आता औंदा पेरनीचं पयलं तास तूच काढजो," बाबा म्हणाले. "मान तुहा हाये."

धाकट्याचा चेहरा पडला. थोरला गाडीवर बसूनच खो खो हसत सुटला. मला ते हसणं सहन झालं नाही. शपथ गेली खड्ड्यात, म्हणत मी सगळं सांगून टाकलं.

बाबांनी आधी गुलालाचा हात धोतराला पुसला.

"म्हंजे," ते म्हणाले, "माह्यं वावर हरलेल्याच्या गळ्यात बांधाचं होतं?"

बाबांनी स्वतः पोत्याच्या गाठी सोडल्या, पण त्यांना ते उचलवेना, तेव्हा दुसरं टोक मी धरलं. भावांनी गाडीवर बसायची विनवणी केली, तरी आम्ही पायीच घरी आलो. रात्री जेवताना बाबांनी दोघांना सांगितलं, "तुमी दोघंई पुन्याले जा. वावर काई शिक्षा नोहे." आवाज चढला नाही, पण ताटातली भाकरी तशीच राहिली. मला त्या रात्री भावांचा राग आला आणि खरं सांगते, बाबांचाही आला. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

पेरणीला दोघं आले. दोन्ही गाड्या बांधाशी स्टँडवर लावून मान खाली घालून उभे राहिले. बाबांनी पेरणीची तिफण जुंपली, दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले.

"तू काहून उभी राहून राहिली? चाड्यावर मूठ धर."

मी बियाण्याची ओटी बांधली आणि तिफणीमागे चालत तिच्यावरच्या चाड्याच्या वाटीत बी सोडू लागले. पहिलं तास संपलं तेव्हा बाबांनी मागे वळून पाहिलं. तास सरळ गेलं होतं, माझे डोळे वाहत होते. बैल न थांबवता ते नुसतं म्हणाले, "सरय आलं."

ते वावर आजही मीच वाहते. गोठ्यामागे त्या दुपारी मला कुणी विचारलं असतं, तर शर्यत लावायची गरजच नव्हती.