पाटावरचा डावा बूट

आमच्या घरी खंडेनवमीला बुटांची पूजा होते. बाहेरच्या कुणाला सांगितलं की तो आधी हसतो. हसू द्या. फॅक्टरीवाल्या घरांत त्या दिवशी हत्यारं पुजायची पद्धत आहेच. पाना, हातोडी, पेचकस, ज्याचं जे असेल ते. माझा दादा फॅक्टरीत फिटर होता, पण लोक त्याला ओळखायचे फॅक्टरीच्या टीमचा लेफ्ट विंगर म्हणून. लग्नानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला त्याने पान्याशेजारी आपले फुटबॉलचे बूट आणून ठेवले आणि वहिनीने हातातलं पूजेचं ताट खाली ठेवून दिलं. चामडं, आणि देवासमोर! दोघांचं दुपारपर्यंत वाजलं. शेवटी तह झाला की बूट वेगळ्या पाटावर, बाल्कनीच्या दाराशी, आणि त्यांना हळदकुंकू दादाने स्वतः लावायचं. वहिनी त्या पाटाकडे पाठ करून बसायची.

मग नात झाली. दादाच्या मुलाची मुलगी, जन्म इथलाच, जबलपूरचा. बाप ऑस्ट्रेलियात नोकरीला निघाला तेव्हा ती पहिलीत होती आणि रोज संध्याकाळी आजोबांचं बोट धरून फॅक्टरीच्या मैदानावर जायची. दादाने तिला इवलेसे बूट घेऊन दिले होते. जाताना तिने आपल्याच मनाने ठरवलं की उजवा ती नेणार आणि डावा इथे ठेवणार, म्हणजे पूजेत तिचाही एक राहील. त्या वर्षापासून वहिनी पाटाकडे तोंड करून बसायला लागली. त्या एका बुटाला हळदकुंकू तीच लावते. दादाच्या बुटांना अजून दादाच लावतो.

मी दादाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, नोकरी केली, डिफेन्सच्या हिशेब तपासणीत. लोकांची खोटी बिलं पकडण्यात हयात गेली. स्वभाव असा झाला की दूधवाला जरा हसून बोलला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त आहे. मदन महलच्या या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं म्हातारे राहतो आणि पोरगी मला तिच्या बापासारखीच आत्या म्हणते.

यंदा तिला दोन्हीकडून बोलावणं आलं. भारताच्या मुलींच्या कॅम्पचं आणि ऑस्ट्रेलियाच्या विशीच्या आतल्या मुलींच्या टीमचं. दादाला वाईट वाटेल म्हणून तिच्या बापाने इतकी वर्षं कुणाचाच पासपोर्ट बदलला नव्हता. पोरीने बदलला. तिकडचा घेतला, तिकडची जर्सी घातली, फोटो टाकला. आम्ही सगळे दादाकडे बघून राहिलो होतो. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्याने विचारलं, खेळवणार कुठल्या जागेवर? लेफ्ट विंगला, असं कळल्यावर त्याने आणखी अर्धा कप मागितला. विषय संपला. वहिनी म्हणाली, चांगलं झालं, आणि पोळी लाटत राहिली. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

त्या फोटोखाली मग लोकांनी जे काही लिहिलं ते मी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. गद्दार. विकाऊ. जन्म इथे आणि मीठ तिकडचं. तिच्या आईबद्दल असं काही लिहिलं होतं की ते मी या घरात मोठ्याने वाचू शकत नाही. ज्यांना फुटबॉलमध्ये किती जणी खेळतात हे ठाऊक नसेल, ते लोक हिला देश शिकवत होते. अरे, तुमची पोरं व्हिसाच्या रांगेत उभी आहेत ना! ते चालतं. आणि तिकडचेही काही गोरे महाभाग लिहून राहिले होते की, परत जा. म्हणजे इथले म्हणणार गेलीस काहून, तिथले म्हणणार आलीस काहून. माझा संताप संताप झाला.

पण पोरीने मला फोन केला तो त्या शिव्यांसाठी नाही. तिने एक कॉमेंट पाठवली. बिनफोटोचं, बिननावाचं अकाउंट, आणि स्वच्छ मराठीत लिहिलेलं: "मैदान विसरलीस, ठीक. पण खंडेनवमीला तुझा बूट आता कुणासाठी मांडायचा? तुझं घर कुठलं, ते आधी ठरव."

"आत्या, बाकीचे लोक मला ओळखत नाहीत," ती तिच्या तुटक मराठीत म्हणाली. "हा ओळखतो. तू ऑफिसात चोर पकडायचीस ना? हा कोण आहे ते शोध. नाही कळलं तर मी दिवाळीला येणार नाही. मी त्या घरात प्रत्येकाकडे बघून विचार करत बसेन, तू का? तू का?"

दिवाळीला ती येणार म्हणून दादाने बाल्कनी रंगवून घेतली होती. मी तिला म्हटलं, शोधते.

दादाचे बूट कॉलनीभर प्रसिद्ध आहेत, पण बाजूचा तो लहान बूट आत येऊन प्रसाद घेणाऱ्यालाच दिसतो. असे बाहेरचे दोनच. एक, घमापूरचा दादाचा जुना गोलकीपर, जो दर खंडेनवमीला जेवायला येतो आणि पोरीला 'हमारी बिटिया' म्हणतो. दुसरे खालच्या मजल्यावरचे, आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांच्या फोनवरून सकाळी सहा वाजता देशभक्ती सुटते. माझा सगळा संशय सेक्रेटरींवर. त्यांच्या नातीला राज्याच्या टीमने घेतलं नव्हतं. जिन्यात भेटले की ते पोरीची चौकशी करायचे आणि मी त्यांच्या अंगठ्याकडे बघायचे, फोनवर किती झरझर चालतो ते. गोलकीपर चहाला आला तर मी त्याला विचारलं, भैया, मराठी लिखना आता है? तो बिचारा बावचळला. चाळीस साल आपके यहाँ खाना खाया है दीदी, समझ लेता हूँ, लिखूँगा क्या, म्हणाला. मी म्हटलं, अच्छा. मनात म्हटलं, असंच म्हणणार.

ऑफिसातली माझी एक रीत होती. तपासणीची खबर कुठून फुटते ते कळत नसलं की मी प्रत्येक टेबलावर वेगळी बातमी सोडायचे आणि गप्प बसायचे. जी बातमी फिरून माझ्या कानावर आली, त्या टेबलाचा माणूस. आणि दुसरी रीत अशी की ज्याच्यावर अजिबात संशय नाही त्यालाही सोडायचं नाही. या दुसऱ्या रीतीमुळे ऑफिसात मला मैत्रीण मिळाली नाही.

तर मी गोलकीपरला सांगितलं की यंदा पोरीचा बूट मांडणार नाहीत, दादा फार दुखावला आहे. सेक्रेटरींना सांगितलं की यंदा त्या बुटाला चांदीचं बक्कल करणार आहोत. दादाला सांगितलं की उंदराने नाडी कुरतडली. तो तडक उठला, कपाटातून बूट काढून खिडकीशी नेऊन पाहिला आणि परत येऊन म्हणाला, "काहून खोटं बोलून राहिली? नाडी शाबूत आहे." तो सुटला. राहिली वहिनी. भाजी निवडता निवडता मी तिला म्हटलं की तो बूट पोरीकडे पार्सल करून टाकायचं दादाच्या मनात आहे, पण त्याच्यापाशी काढू नका, त्याला त्रास होतो. ती म्हणाली, बरं. तिने मेथीची पुढची जुडी सोडली. एवढ्या साध्या बाईशी आपण असं वागतो, याची मला तेव्हा लाज वाटली.

दोन दिवसांनी पोरीने त्याच अकाउंटची नवी कॉमेंट पाठवली. "आता तुझा बूटही या घरात राहणार नाही. झालं ना समाधान?"

मी ती वाचली. पुन्हा वाचली. सेक्रेटरींचं काही असेल, वहिनीने गोलकीपरला काही सांगितलं असेल, असे उलटे रस्तेही शोधले. बूट घरातून जाणार ही बातमी माझी होती, मी एकाच माणसाला दिली होती. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता आणि वहिनी नेहमीसारखं गुणगुणत होती. मला गुणगुणण्याचाही संशय आला.

मी आत जाऊन गॅस बंद केला आणि फोन तिच्यासमोर धरला. तिने नाकारलं नाही. हात पदराला पुसले, चष्मा वर केला, आपलंच लिहिलेलं वाचलं.

"नवीन अकाउंट काढायला काय लागतं," ती म्हणाली. "तिथेच लिहिलेलं असतं. पोरीनेच शिकवलं होतं मला, तिची मॅच बघता यावी म्हणून."

मला भयंकर राग आला. कॉलनीतल्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन त्याचे वाभाडे काढले असते. इथे कुठल्या दारात जाऊ? मी विचारलं, काहून केलं असं?

तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते बरं दिसायला लागेल.

"इथल्या टीममध्ये गेली असती तर कॅम्प इथेच असते. गोवा असो, भुवनेश्वर असो, गाडीत बसून गेले असते मी. जाळीच्या बाहेरून पाहिली असती. दोन-दोन वर्षांनी दिसते ती, आणि दर वेळी वेगळीच कुणी येते. लोक एवढ्या शिव्या देऊन राहिले होते, वाटलं, घाबरून फिरेल. त्यांचं तिला लागणार नाही, माझं लागेल. म्हणून मी लिहिलं."

लागेल हे तिला ठाऊक होतं, आणि कुठे लागेल हेही. बाकीच्यांनी वाटेल तिकडे दगड मारले होते. हिने नेम धरला होता. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती रडली नाही, म्हणाली, हो. मग म्हणाली की खंडेनवमीपर्यंत थांब, दादाला तू सांगू नकोस. मी थांबले, पण ते दिवस मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. आपला आपण केला. दादाने विचारलं, तुमचं काय बिनसलं? आम्ही दोघी एकदम म्हणालो, काही नाही, आणि त्याने दोघींकडे माझ्याच नजरेने पाहिलं.

खंडेनवमीला पाट मांडले. पाना, हातोडी, दुसऱ्या पाटावर दादाचे बूट. वहिनीने लहान बूट ओल्या फडक्याने पुसला, नाडी बांधली, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. दर वर्षी पोरगी या वेळी व्हिडिओ कॉल करते. यंदा तिचा फोन येईना. वहिनीने स्वतः लावला. पोरीने उचलला, पण हसली नाही. आधी पाटाकडे पाहिलं, बूट दिसला, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आत्या, कळलं?"

"मी," वहिनी म्हणाली. "मी लिहिलं ते. दोन्ही."

दादाच्या हातातल्या पळीतलं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं.

"आजी," पलीकडून पोरगी म्हणाली, "मी पण इथे ठेवते. उजवा. दर वर्षी. कुंकू मिळत नाही तर आईची लिपस्टिक लावते. यंदा मी नाही ठेवला."

वहिनीला हे माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. आम्ही समजत होतो की तो उजवा बूट केव्हाच कुठेतरी टाकला गेला असेल.

येशील ना, एवढंच वहिनीने विचारलं. दिवाळीचं मला माहीत नाही, असं पोरगी म्हणाली आणि फोन बंद झाला. दादा पाटावरून उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. तो वहिनीशी चार दिवस बोलला नाही. मी तिची बाजू घेतली नाही आणि आजही घेत नाही.

दसरा उलटल्यावर सकाळी वहिनी साडी बदलून माझ्या खोलीत आली. पिशवीत बूट होता, हळदकुंकवासकट, पुसलेला नाही. म्हणाली, नेपियर टाउनला चल, कुरियरचं ते दुकान मला सापडणार नाही. मला आधी वाटलं, ही आता नवं काय करून राहिली? पार्सलमध्ये चिठ्ठी तर नाही ना, काही टोचणारं? ऑटोत मी पिशवीत हात घालून बुटाच्या आतसुद्धा पाहिलं. बोटांना हळद लागली, बाकी काही नव्हतं. तिने मला बघू दिलं. माझी खोटी बातमी खरी करायला आम्ही दोघी निघालो होतो, शेजारी बसून.

दुकानातल्या माणसाने बूट उलटापालटा करून पाहिला. त्याला वाटलं म्हाताऱ्या बायांची काही चूक होते आहे.

"माताजी, एक ही जूता है. दूसरा कहाँ है?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वहिनीने माझ्या हातावर हात ठेवला.

"उसके घर पे है, भैया," ती म्हणाली. "यह भी वहीं जाएगा."