शनिवार-रविवारचा लाकडी चमचा

आमच्या गावात शनिवार-रविवारी कोणी आजारी पडत नाही. पडायचंच असेल तर सोमवारी पडावं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत बरं व्हावं. गाव आपलं मी म्हणतो, कागदोपत्री हे शहर आहे. नदी आहे, जुना दगडी पूल आहे, उतरत्या छपरांच्या अरुंद गल्ल्या आहेत, आणि दोन-अडीच तासांच्या अंतरावर ते मोठं शहर आहे. तिथली माणसं आठवडाभर एकमेकांवर ओरडून दमतात आणि शनिवारी सकाळी आमच्याकडे शांतता विकत घ्यायला येतात. आम्ही ती विकतो. त्यामुळे लग्नाची बोलणी, भावाभावांची भांडणं, दात काढणं, सगळ्याला आमचं एकच उत्तर असतं, सोमवारी बघू. आमच्या डॉक्टरांनीसुद्धा दवाखान्यामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्यात. शनिवारी ताप घेऊन गेलात तर ते उशांना अभ्रे घालताना सापडतील.

माझी लाँड्री आहे. पाहुण्यांच्या चादरी माझ्याकडे येतात. माणसं दोन रात्री कशी झोपली हे मला चादरींवरून कळतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

सांगायचंय ते समोरच्या घरातल्या कर्ण्याबद्दल. कर्णा हे त्याचं गावाने ठेवलेलं नाव. तो बसस्थानकावर गाड्या पुकारायचा. तिथला माईक वर्षातून सहा महिने बंद असे आणि कोणाला पत्ताही लागत नसे, कारण कर्ण्याचा आवाज पुलापलीकडे जाई. घरीही तेच. बायकोच्या कानात काही गोड बोलायला गेला तर ते मला समोर इस्त्री करताना ऐकू यायचं आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचो. तो लाजायचा, पण तेसुद्धा मोठ्याने.

निवृत्त झाला त्याच वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एवढा दांडगा आवाज कुठे गेला कोण जाणे. उरलं ते नुसतं कण्हणं. डावा हात तेवढा चालायचा. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्या हातात एक स्टीलचा चमचा दिला. पलंग लोखंडी होता, त्याच्या दांडीवर तो चमचा वाजवायचा. एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की भांडं, आणि थांबलाच नाही तर असाल तशा या. मी दुकानातून ऐकायचो. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, पण त्या चमच्याच्या आवाजातही जुना कर्णा होता. पाणी मागतानाही गाडी सुटायला आल्यासारखी घाई.

वहिनींनी वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती, आता घर त्यांच्यावरच चालायला लागलं. बाई कामाला वाघ. चादरीला सुरकुती चालायची नाही, नळाला डाग चालायचा नाही. पण एका पाहुणीने जाताना फोनवर दोनच तारे दिले आणि लिहिलं, घर सुंदर, मात्र खाली कोणीतरी सतत कण्हत आणि वाजवत असतं, सुट्टीचा विचका झाला. त्यानंतर दीड महिना वरच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. वहिनी त्या दोन ताऱ्यांकडे रोज बघत बसायच्या.

मग त्यांनी सोय केली. स्वयंपाकघराच्या मागे एक अडगळीची खोली होती. बादल्या, जुने पडदे, रिकामे डबे. दर शुक्रवारी दुपारी कर्ण्याला पलंगासकट पुढच्या खोलीतून उचलून तिथे ठेवायचं आणि रविवारी पाहुणे गेले की परत आणायचं. डोक्याकडून मी धरायचो, पायाकडून वहिनी. आणि दोन दिवसांपुरता स्टीलचा चमचा काढून घेऊन त्याच्या हातात लाकडी चमचा द्यायच्या. त्याचा आवाज बंद दारामागून स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा, जिन्यापर्यंत नाही, असा वहिनींचा हिशेब होता. पहिल्या शुक्रवारी कर्ण्याने तो लाकडी चमचा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी पडदे सरळ करत बसलो.

मला वहिनींचा राग यायचा. मग त्या पहाटे जिना पुसताना दिसायच्या आणि रागाचं पाणी व्हायचं. त्यांनी तरी काय करायचं होतं?

त्यांची मुलगी मोठ्या शहरात नोकरी करते. तिला सुट्टी शनिवार-रविवारचीच. म्हणजे तिला यायला जमे तेव्हा घरात जागा नसे, आणि जागा असे तेव्हा तिला सुट्टी नसे. वडिलांना ती फोनवरच बघायची. कर्णा फोनच्या काचेवर चमचा वाजवायचा. तिला वाटायचं, बाबा खेळतायत.

त्या आठवड्यात कर्ण्याला गुरुवारपासून ताप होता. छातीत घरघर लागली होती. आमचे डॉक्टर शुक्रवारी सकाळी येऊन गेले. म्हणाले, "कफ साठलाय. उशा लावून बसता ठेवा. श्वास वाढला तर मात्र थांबू नका, तिकडे मोठ्या दवाखान्यात न्या."

"सोमवारी नेते," वहिनी म्हणाल्या.

"वाढला तर म्हणतोय मी."

"हो हो. पण शनिवारी गाडी तरी कुठे मिळते?"

ते खरंच आहे. शनिवारी सगळ्या गाड्या पाहुणे आणण्यात असतात. दुपारी मुलीचा फोन आला. मी तिथेच होतो, पलंग उचलायला आलो होतो. ती विचारत होती, "आई, बाबांना बरं नाही तर मी उद्या येऊ का?"

"झोपशील कुठे? दोन्ही खोल्या भरल्यात. तू सोमवारची रजा टाक आणि ये. तेव्हाच नेऊ त्यांना."

फोन ठेवून त्यांनी कर्ण्याचा चमचा बदलला.

शनिवारी सकाळी एक जोडपं आलं. नवरा पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं. जिन्यातच म्हणाला, "मी डॉक्टर आहे, पण कोणाला सांगू नका बरं का. आठवडाभर आजारी तोंडंच बघतो. दोन दिवस एकही नकोय मला." हसत म्हणाला. वहिनीही हसल्या. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता इतकंच.

संध्याकाळी मी टॉवेल द्यायला गेलो. स्वयंपाकघरात उभं राहूनच मला घरघर ऐकू आली. आत डोकावलो तर कर्णा पडद्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसला होता. ओठ निळसर, मान प्रत्येक श्वासाला वर होत होती. मला बघून त्याने चमचा वाजवला, एकदा नाही, दोनदा नाही, वाजवतच राहिला.

"वहिनी, ह्याचं लक्षण ठीक नाही."

"वाफ दिली आत्ताच."

"वाफेचं काम नाही हे. वर डॉक्टर उतरलाय ना तुमच्याकडे? आयता डॉक्टर घरात आहे आणि आपण वाफ देतोय?"

"ते सुट्टीवर आलेत, भावजी. त्यांनी आल्या आल्या सांगितलं."

"अहो, गमतीने म्हणाले असतील. मी जाऊन सांगतो."

त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "नका. ते खाली येतील. ह्यांना ह्या खोलीत बघतील. बादल्यांमध्ये. काय म्हणतील हो मला? नवऱ्याला कुठे ठेवलंय हिने?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "एकच रात्र आहे. उद्या चारला जातील ते. चार वाजता मी स्वतः गाडी बघते, सोमवारचीही वाट बघत नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

वर त्या जोडप्याचं हसणं ऐकू येत होतं. कर्णा वाजवत होता. वहिनी आत गेल्या, त्याच्या पाठीवर हात फिरवू लागल्या, "आलेय मी, आलेय ना, आता नका वाजवू" असं म्हणत राहिल्या. मी दार ओढून घेतलं आणि घरी आलो.

रविवारी दुपारी वहिनी नेहमीसारख्या चादरींचं गाठोडं घेऊन दुकानात आल्या. गाठोडं टेबलावर ठेवलं, मोकळं केलं, एकेक चादर मोजून माझ्याकडे सरकवली. समोरून ते जोडपं गाडीत बॅगा ठेवत होतं. डॉक्टरांच्या बायकोने काच खाली करून सांगितलं, "किती शांत आहे हो तुमचं घर. आम्ही परत येणार." वहिनींनी हात हलवला. गाडी पुलाच्या वळणापर्यंत गेली तरी हात खाली आला नाही.

मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "भावजी, एक चादर कमी आहे. ती ह्यांच्या अंगावर घातलीय. ती आता परत नाही यायची."

मला कळायला वेळ लागला. "कधी?"

"सकाळी. ह्या लोकांच्या नाश्त्याच्या आधी."

म्हणजे तिने नवऱ्याचे डोळे मिटले, हात धुतले आणि वर ऑम्लेट नेऊन दिलं. चहा पुन्हा हवा का विचारलं. नदीवर फिरायला कुठून जायचं ते सांगितलं. रडायचं चारनंतरचं ठेवलं होतं, आणि चार वाजून गेले तरी तिला रडू येत नव्हतं. माझ्या टेबलाला धरून ती उभी होती. रडलो तो मीच, इस्त्री तापत ठेवून.

त्याला आम्ही पुढच्या खोलीत आणला. डोक्याकडून मी, पायाकडून वहिनी. मुलगी सोमवारी आली, तिला कोणी कळवलंच नव्हतं. आईने सांगितल्याप्रमाणे रजा टाकून, सांगितलेल्या दिवशी, दवाखान्यात न्यायचं म्हणून बाबांचे दोन शर्ट विकत घेऊन. आईला एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी तिने तो स्टीलचा चमचा घेतला आणि पलंगाच्या दांडीवर वाजवला. गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकला. मग चमचा पर्समध्ये घालून गेली. त्यानंतर ती आलेली नाही, ना शनिवारी, ना सोमवारी.

वहिनींनी खोल्या बंद केल्या नाहीत. आता पुढची खोलीही देतात. कर्ण्याचा फोटो जिन्यापाशी लावलाय, गाड्या पुकारतानाचा, तोंड उघडं असलेला.

परवा ते डॉक्टर पुन्हा आले, या खेपेला एकटेच. मी चादरी पोचवायला गेलो होतो. फोटोपाशी थांबून त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"आमचे मिस्टर."

"अरेरे. कधी गेले?"

वहिनींना खोटं बोलता येत नाही, लपवता येतं तेवढंच. म्हणाल्या, "तुम्ही मागे आला होता ना, तेव्हाच. रविवारी सकाळी."

डॉक्टरांनी हातातली बॅग खाली ठेवली. काय होत होतं, किती दिवस, श्वास कसा होता, सगळं विचारलं. वहिनी उत्तरं देत गेल्या. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. "मी वर होतो," ते म्हणाले. "मला हाक का नाही मारलीत? निदान दवाखान्यात पोचेपर्यंत काहीतरी करता आलं असतं."

"तुम्ही सुट्टीवर होता."

 "कुठे होते ते?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं. वहिनींनी मागचं दार उघडलं. बादल्या, डबे, पडद्यांचा गठ्ठा. खिडकीच्या कट्ट्यावर तो लाकडी चमचा होता, टोकाला चेचून पिंजलेला. डॉक्टरांनी तो उचलला, भिंतीला लागून असलेल्या लोखंडी पलंगाकडे पाहिलं, मग वर छताकडे. बराच वेळ छताकडेच बघत होते. त्यांची खोली बरोबर वर येते.

"मला ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "रात्रभर. ठक, ठक, ठक. बायकोला मी म्हटलं, जुनं घर आहे, खिडकीचं लाकूड वाऱ्याने वाजत असेल."

 मला वाटलं, आता वहिनी रडणार. इतक्या दिवसांचं आता बाहेर पडणार. मी चादरी खाली ठेवल्या, त्यांना धरावं लागलं तर म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली, खरीखुरी काळजी, आणि नळाला डाग दिसल्यावर यायची तशीच.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे झोपमोड झाली का तुमची?"